चेहऱ्यांची वही

आज ‘फेसबुक’ हा शब्द उच्चारला की एका अवाढव्य संकेतस्थळाचे नाव डोळ्यांपुढे येते. परंतु २००४ पूर्वी अमेरिकेतील निवासी महाविद्यालयांत तो एक साधे सामान्यनाम म्हणून वापरला जाई. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या हाती एक पुस्तिका पडे. तीत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचे छोटे छायाचित्र आणि त्याखाली त्याचे नाव, गाव, शाळा असा त्रोटक मजकूर असे. काल भोजनगृहात शेजारी बसलेल्या मुलाचे नाव आज आठवत नसेल, तर ही वही उघडावी आणि चेहरा शोधावा, एवढाच तिचा उद्देश. अर्थात विशीतील मुले ती केवळ विसरलेली नावे आठवण्यासाठी चाळत असतील, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

या वहीची वेबसाइट कशी झाली याविषयी गेले काही महिने आम्ही जमेल तसे वाचत आहोत. हा उद्योग धर्मगुरूला कोणी सांगितला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण पुढे ओघाने येणारच आहे.

आम्ही सेमिनरीत दाखल झालो तेव्हा आमच्या वर्गात वीस-बावीस मुले होती. एकत्र जेवण, एकत्र भांडी घासणे, संध्याकाळी फुटबॉल. आठवड्याभरात एकमेकांची नावेच काय, पण गावे, घरची शेती, बहिणींची लग्ने आणि रात्री कोण घोरतो, हेही पाठ झाले. अशा घराला चेहऱ्यांची वही लागत नाही. ती लागते हार्वर्डसारख्या ठिकाणी. तेथे पदवीचे शिक्षण घेणारे सुमारे साडेसहा हजार विद्यार्थी. पहिले वर्ष संपले की ते बारा ‘हाउसां’मध्ये विभागले जातात. प्रत्येक हाउसचे भोजनगृह निराळे, ग्रंथालय निराळे. एकाच व्याख्यानाला शेजारी बसणारी दोन मुले जेवायला मात्र दोन वेगळ्या छपरांखाली जातात. माणसे जवळ राहतात. पण ओळख होण्याइतकी जवळ येत नाहीत. अशा ठिकाणी वहीची गरज निर्माण होते.

आणखी दोन गोष्टी तेथे होत्या. विद्यार्थ्यांच्या खोल्यांपर्यंत संगणकाच्या जाळ्याची तार पोहोचली होती आणि प्रत्येकाला विद्यापीठाचा ई-मेल पत्ता मिळत असे. या दोहोंवाचून पुढील कथा घडलीच नसती.

एका महाविद्यालयापुरते ओळखीचे संकेतस्थळ बांधण्याची कल्पना हार्वर्डमध्येच प्रथम सुचली असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नाही. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००१ च्या शरद ऋतूत ‘क्लब नेक्सस’ या नावाचे संकेतस्थळ सुरू झाले होते. ते बांधणाऱ्यांत ओर्कुट ब्युयुककोकतेन हा तुर्कस्तानातून आलेला विद्यार्थी होता. नाव नोंदवताना आपले मित्र कोण ते लिहायचे, मग गप्पा माराव्यात, समारंभाची निमंत्रणे धाडावीत, जुनी वस्तू विकावी, असा त्याचा घाट. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात सामील झाले. पुढे हाच गृहस्थ गूगलमध्ये गेला आणि जानेवारी २००४ मध्ये त्याच्या नावाचे ‘ऑर्कुट’ जगासाठी खुले झाले. आमच्या धर्मग्रामातील आज चाळिशीकडे झुकलेल्या तरुण-तरुणींना ते नाव ऐकताच आपली कॉलेजची वर्षे आठवतात. ब्राझील आणि भारत हे ऑर्कुटचे दोन बालेकिल्ले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले.

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००३ साली अॅडम गोल्डबर्ग या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या सहाध्यायांसाठी असेच एक संकेतस्थळ उभारले. छायाचित्रे, रोजनिशी, एकमेकांच्या लिखाणावर अभिप्राय अशा कितीतरी सोयी त्यात होत्या, आणि त्यांतील काही हार्वर्डच्या मुलांनी पुष्कळ नंतर आणल्या. तरीही ते टिकले नाही. हार्वर्डच्या वहीत करण्यासारखे फारच थोडे होते, आणि तोच तिचा गुण ठरला असे म्हणतात. आम्हांला हे पटते. भरगच्च ताट पाहून नवखा पाहुणा बावरतो.

आता हार्वर्डकडे वळू. तेथे २००३ च्या शरद ऋतूत मार्क झुकरबर्ग हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कर्कलँड हाउसमध्ये राहत होता. हाउसांच्या चेहऱ्यांच्या वह्या तोवर संगणकावर आल्या होत्या, पण प्रत्येक हाउसची वेगळी. काही उघड्या, काहींना कुलूप. ऑक्टोबरच्या अखेरीस या मुलाने त्यांपैकी अनेक हाउसांच्या वह्यांतील छायाचित्रे कोणालाही न विचारता उतरवून घेतली आणि ‘फेसमॅश’ नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी यावेत आणि अधिक देखणा कोण ते पाहणाऱ्याने ठरवावे. ‘द हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने दिलेल्या वृत्तानुसार थोड्याच अवधीत ४५० जणांनी ते पाहिले आणि किमान २२,००० वेळा कौल दिले. विद्यार्थ्यांच्या संघटनांनी आवाज उठवला. संकेतस्थळ बंद करावे लागले, विद्यापीठाच्या शिस्तपालन मंडळापुढे उभे राहावे लागले. मुलाची हकालपट्टी मात्र झाली नाही.

या प्रकरणात आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते क्रिमसनचे त्या वेळचे संपादकीय. आपले छायाचित्र ज्याने स्वतः होऊन दिले त्याचाच चेहरा दाखवला असता, तर बहुतेक गदारोळ टळला असता, असे त्यात म्हटले होते. किती साधी गोष्ट! चेहरा तोच, पाहणारे तेच, महाविद्यालयही तेच. फरक एवढाच, की एकदा तो उचलून नेला आणि एकदा तो दिला गेला. तीन महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २००४ रोजी, त्याच खोलीतून त्याच मुलाने ‘दफेसबुक’ सुरू केले तेव्हा त्याने हीच रीत स्वीकारली होती. कोणाचेही छायाचित्र आपण होऊन लावायचे नाही. ज्याला यायचे त्याने स्वतः यावे, आपले खरे नाव लिहावे, आपल्या पसंतीचे छायाचित्र स्वतः ठेवावे आणि काय कोणाला दिसावे तेही काही अंशी स्वतः ठरवावे.

अशा एकत्रित वहीची मागणी हार्वर्डमध्ये बरीच आधीपासून चालली होती आणि ती आणण्याचे काम विद्यापीठाच्या कार्यालयात रेंगाळत होते. अॅरन ग्रीनस्पॅन नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने २००३ मध्येच आपल्या ‘हाउससिस्टिम’ या संकेतस्थळावर तशी सोय केलीही होती. कॅमेरॉन आणि टायलर विंकलव्हॉस हे जुळे भाऊ आणि त्यांचा मित्र दिव्य नरेंद्र यांनी आपल्या संकेतस्थळाचे काम झुकरबर्गवर सोपवले होते. त्याने आमची कल्पना पळवली, असा दावा त्यांनी २००४ मध्ये न्यायालयात दाखल केला. २००८ मध्ये तडजोड झाली. कल्पना कोणाची या वादात आम्हांला फारसा रस नाही. विहीर एकाने खणली तरी तहान सर्वांचीच असते.

कामाची घडण मात्र सांगण्यासारखी आहे. पीएचपी ही संगणकाची भाषा, मायएसक्यूएल हा माहिती साठवण्याचा कार्यक्रम, दोन्ही फुकट मिळणारी. सर्व्हरचे भाडे महिन्याला ८५ डॉलर. एदुआर्दो साव्हेरिन या मित्राने पैशाची बाजू सांभाळली. खोलीतील सोबती डस्टिन मॉस्कोविट्झ काम करता करताच ही भाषा शिकला. हार्वर्डचा ई-मेल पत्ता असल्यावाचून आत प्रवेश नाही, हा पहिला नियम. आत गेल्यावर नाव, हाउस, अभ्यासविषय, आवडीनिवडी. आपल्या वर्गाला आणखी कोण बसते ते पाहता येई, मित्र म्हणून विचारणा करता येई. पहिल्या चार-पाच दिवसांत साडेसहाशेहून अधिक विद्यार्थी आले. महिन्याभरात पदवीच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांची नावे तेथे होती.

त्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीपासून कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल अशी एकेका विद्यापीठाची पाळी आली. येथे एक बारकावा आहे. नवे महाविद्यालय जोडताना जुन्यातच मुले भरली नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाचा माहितीचा साठा वेगळा ठेवला. मॉस्कोविट्झने तेथील ई-मेलची धाटणी शोधावी, वसतिगृहांची आणि अभ्यासविषयांची यादी मिळवावी, मग ते दार उघडावे. अमुक माणूस तुमच्या कोणत्या मित्राच्या मित्राचा मित्र, याचा हिशेब संगणकाला करावा लागे. माणसे वाढली की हा हिशेब भूमितीश्रेणीने फुगतो. साठे वेगळे असल्यामुळे तो आटोक्यात राहिला आणि स्वस्तातील यंत्रे पुरली. काटकसरीचा हा उपाय. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की प्रत्येक महाविद्यालयाभोवती एक भिंत उभी राहिली. येलच्या मुलाला हार्वर्डच्या मुलीचे पान सहजासहजी दिसत नसे. भिंतीच्या आत खरे नाव, खरा चेहरा, कधी कधी खोलीचा क्रमांक आणि फोन नंबरसुद्धा मुले लिहून मोकळी होत. कारण पाहणारा उद्या भोजनगृहात समोर येणार आहे, याची त्यांना खात्री होती. तोंड दाखवावे लागणार असले की माणूस जरा जपून वागतो.

२००४ संपताना तेथे दहा लाख नावे झाली. २००५ मध्ये माध्यमिक शाळांची मुले आली. ५ सप्टेंबर २००६ रोजी सर्वांच्या हालचाली आपोआप सर्व मित्रांपुढे मांडणारी ‘न्यूज फीड’ आली. तिच्यात दिसणारी बहुतेक माहिती आधीही उघडीच होती. पण ती पाहायला कोणाच्या तरी दाराशी जावे लागे. आता ती न मागता घरपोच होऊ लागली. लाखो विद्यार्थ्यांनी निषेध नोंदवला. गंमत अशी, की तो निषेध वणव्यासारखा पसरला तो त्या न्यूज फीडमुळेच. आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला तेरा वर्षांवरील कोणालाही, कोणत्याही ई-मेलने, आत यायला मुभा मिळाली. भिंत राहिली नाही.

येथवर वाचून आम्ही मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकले होते, की भिंत होती तोवर सारे बरे होते, भिंत गेली आणि बिघडले. मग ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाची माहिती मिळाली. ब्राघिएरी, लेव्ही आणि माकारिन हे त्याचे लेखक. फेसबुकचे दार एकेका महाविद्यालयात निरनिराळ्या दिवशी उघडले गेले होते. तेव्हा ज्या महाविद्यालयांत ते आले आणि ज्यांत अजून आले नव्हते, त्यांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची त्या काळातील पाहणी त्यांनी ताडून पाहिली. ते आल्यावर विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळल्याचे त्यांना आढळले, आणि मुख्य कारण दिसले ते इतरांशी केलेली तुलना. हा सर्व भिंतीच्या आतील काळ! परक्यांपासून भिंतीने राखले असेल, पण शेजारच्या खोलीतील मुलाचे मित्र माझ्यापेक्षा दुप्पट आहेत, शनिवारी रात्री सर्व जण कोठेतरी गेले आणि मला कोणी बोलावले नाही, या दुःखापासून कोणती भिंत राखणार? उलट ज्याच्याशी तुलना करायची तो रोज दिसणारा असला की डंख अधिक खोल जातो.

आता आम्ही या वाचनाकडे का वळलो ते सांगावयास हरकत नाही. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कार्यालयातील प्रिंटर रुसला की त्यालाच हाक जाते. या वर्षी त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी प्रकल्प म्हणून आपल्या महाविद्यालयापुरते ओळखीचे संकेतस्थळ बांधावयास घेतले. सर्वांच्या हाती व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम असताना हे कशाला, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, “फादर, व्हॉट्सअॅपचे ग्रुप वर्गावर्गाचे असतात. शेजारच्या वर्गातला मुलगा माझ्याच गावचा आहे, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.”

हे त्याचे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडील महाविद्यालय निवासी नसते. वसई-विरारकडून गाडी पकडून मुले शहरात जातात, तास संपले की पुन्हा गाडी. हार्वर्डच्या मुलांना भोजनगृह तरी आहे. आमच्या मुलांच्या ओळखी लोकलच्या डब्यात होतात. म्हणूनच या तरुणाला आपल्या संकेतस्थळातील एका सोयीचा मोठा अभिमान होता. प्रत्येकाने आपण रोज कोणत्या स्थानकावरून, कोणत्या गाडीने येतो-जातो ते लिहायचे. म्हणजे त्याच गाडीचे सोबती सापडतील.

“सोबत मिळेल ना फादर! पहिल्या वर्षाच्या मुलांना तर फारच उपयोगी.”

“आणि हे कोणाला दिसणार?”

“कॉलेजमधल्या सगळ्यांना. बाहेरच्या कोणालाच नाही. कॉलेजच्या ई-मेलशिवाय आत येताच येत नाही.”

“कॉलेजात किती जण आहेत?”

“ज्युनियर कॉलेज धरून पाच हजारांच्या वर असतील.”

“त्यांतले तुझ्या ओळखीचे किती?”

तो हसला. पण आमच्या प्रश्नाने तो बदलला असे म्हणणे खरे होणार नाही. त्याची धाकटी बहीण त्याच महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. चाचणीसाठी तिने पहिले नाव नोंदवावे असे त्याने तिला सांगितले. तिने सर्व रकाने भरले, छायाचित्र लावले आणि गाडीचा रकाना तेवढा रिकामा सोडला. कारण विचारले तर म्हणाली, “माझ्या मैत्रिणींना माहीत आहे मी कुठल्या डब्यात असते. बाकीच्यांना कशाला?” एवढे बोलून ती क्लासला निघून गेली.

हार्वर्डच्या मुलाला असे सांगणारी बहीण त्या खोलीत नव्हती, असे आमच्या मनात येऊन गेले.

माहिती कोणाला दाखवावी या प्रश्नाशी आमचा संबंध संगणकापूर्वीचा आहे. प्रत्येक चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या असतात. स्थळ पाहणारी मंडळी अधूनमधून येतात. “फादर, मुलीचं वय खरं सांगितलंय का, तेवढं वहीत बघून सांगा. आम्ही काय परके आहोत का?” परके नसतातच ते. कित्येकदा आमच्याच धर्मग्रामातील, रोज भेटणारे असतात. तरीही वही उघडली जात नाही. ज्याची नोंद त्याने यावे आणि आपला दाखला घ्यावा. लोक रुसतात, ‘जुने फादर असे नव्हते’ म्हणतात, ते ऐकून घ्यावे लागते. आपल्यातलाच आहे म्हणून त्याला सारे दिसावे, असे होत नाही, हे त्या वहीने आम्हांला शिकवले आहे. महाविद्यालयाची भिंत बाहेरच्याला थांबवते. आतल्या पाच हजारांत कोणाला काय दिसावे, हे ज्याचे त्यालाच ठरवता आले पाहिजे, आणि ठरवले नाही तर न दिसणे हा पहिला नियम असावा. बहुतेक संकेतस्थळे नेमके उलटे करतात: सर्व उघडे ठेवतात आणि झाकण्याचे बटण कोठेतरी खोल लपवतात.

ज्युनियर कॉलेजचा प्रश्न याहून अवघड निघाला. हार्वर्डमध्ये पदवीचेच विद्यार्थी. आपल्याकडे त्याच आवारात, कित्येकदा त्याच इमारतीत, अकरावी-बारावीची सोळा-सतरा वर्षांची मुले वावरतात. २०२३ साली आपल्या संसदेने संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट आहे. एका प्रकल्पासाठी हजारो पालकांची संमती ही तीन मुले कोठून आणणार? त्यांनी ज्युनियर कॉलेज वगळले. बारावीतील काही मुले नाराज झाली. आम्हांला ते वगळणे योग्य वाटले. बाविशीतील तरुण आणि सोळा वर्षांची मुलगी यांना ‘सहाध्यायी’ या एका शब्दाखाली आणणे हे यंत्राला सोपे आहे, आईबापांना नाही.

मग राहिला किल्लीचा प्रश्न. नोंदवहीच्या कपाटाची किल्ली आमच्याजवळ असते आणि ती आमच्याजवळ आहे हे सर्वांना ठाऊक असते. संकेतस्थळाची किल्ली कोणाजवळ? या तरुणाने पासवर्ड अशा रीतीने साठवले आहेत, की त्यालाही ते उलटे वाचता येत नाहीत. ही आता सर्वमान्य पद्धत आहे, आणि ती त्याने पाळली याचे आम्हांला समाधान वाटले. परंतु बाकीचे सारे, म्हणजे कोण कोणाचा मित्र, कोणी कोणाला काय लिहिले, कोण कोणत्या गाडीने जाते, हे त्याला बसल्या जागी दिसू शकते. तो पाहील असे आम्हांला वाटत नाही. त्याला आम्ही प्रथम कम्युनियनच्या वर्गापासून ओळखतो. पण सहाध्यायांना हे कोठे ठाऊक आहे? हार्वर्डच्या त्या पहिल्या दिवसांतील झुकरबर्गचे मित्राशी झालेले एक खासगी संभाषण २०१० मध्ये उघड झाले. आपल्यावर विश्वास टाकून ज्या हजारो सहाध्यायांनी ई-मेल, छायाचित्रे, पत्ते दिले त्यांची त्यात त्याने असभ्य शब्दांत टर उडवली होती. पुढे त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. एकोणिसाव्या वर्षी मित्रापाशी मारलेल्या बढाईवरून माणसाला आयुष्यभर तोलू नये, हे खरे. तरी एक गोष्ट उरतेच: ज्यांनी चेहरे दिले ते भिंतीबाहेरच्यांपासून सावध होते, आतल्या किल्लीवाल्याचा विचार त्यांच्या मनातही आला नव्हता.

तो मुलगा पदवी पुरी न करताच महाविद्यालय सोडून गेला आणि वही बरोबर घेऊन गेला. कायद्याने ती त्याचीच होती. विद्यापीठाने ती मागितली नव्हती, बांधलीही नव्हती. २०१७ मध्ये हार्वर्डने त्याला बोलावून सन्मान्य पदवी दिली. त्यानंतर तीन वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्या कंपनीने ‘फेसबुक कॅम्पस’ या नावाने अमेरिकेतील तीस महाविद्यालयांसाठी एक वेगळे दालन उघडले. महाविद्यालयाचा ई-मेल असेल तरच प्रवेश, पान निराळे, आपल्याच महाविद्यालयातील मुले तेवढी दिसणार. सोळा वर्षांपूर्वीची भिंत पुन्हा बांधावयास घेतली होती. पाठीशी पैसा अमाप, अभियंते हजारो. मार्च २०२२ मध्ये ते दालन बंद करण्यात आले. ८५ डॉलर भाड्याच्या सर्व्हरवर जे उभे राहिले ते या वेळी राहिले नाही. मुले आली नाहीत.

आमच्या तरुणाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्याकडे आत्तापर्यंत एकशे साठ आलेत, फादर.” त्या आकड्यात अभिमान होता की काळजी, ते आम्हांला कळले नाही.

गाडीचा रकाना आता ज्याने त्याने निवडलेल्या मित्रांपुरताच उघडतो. मित्रांची संख्या पानावर दिसत नाही. ही दुरुस्तीही बहिणीची. परीक्षा झाली की तिघेही महाविद्यालयातून बाहेर पडतील, एकाला पुण्यात नोकरी लागली आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयाला विचारले तर संकेतस्थळ सांभाळायला माणूस नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना तो सध्या शनिवारी शिकवतो आहे. त्या घेतील की नाही ते नक्की नाही. कोणी वारस मिळाला नाही तर ३० जूनला सर्व माहिती पुसून टाकली जाईल, असे एक वाक्य त्याने प्रकल्पाच्या अहवालात घातले. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी त्या वाक्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून शेजारी प्रश्नचिन्ह केले आहे. त्याने ते वाक्य अजून खोडलेले नाही.